कापलेल्या कागदाची हॅलोविनची सजावट – मागून उजेड नीट कसा पाडायचा?

कातरवेळ | ५ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. गेल्या वर्षीपर्यंत अपार्टमेंटमध्ये होतो तेव्हा हॅलोविन म्हणजे दाराबाहेर कँडीचं भांडं ठेवलं की झालं. यंदा टाउनहाउसमध्ये आलोय आणि समोरच्या रांगेत लोकांनी सप्टेंबर संपायच्या आतच बारा फुटी सांगाडे उभे केलेत. लेकीने (वय ७) जाहीर केलंय की आपल्याकडेही काहीतरी पेटतं पाहिजे, "पेटतं" हा तिचाच शब्द. बारा फुटी सांगाड्यावर घालायला पैसे नाहीत आणि तो उरलेले अकरा महिने झोपवायला गराजही नाही, तर म्हटलं कागद बरा. काळा कार्डस्टॉक (जाड कागद), कात्री, मागे दिवे.

काल रात्री दोन तास बसून भूतबंगला कापला. वाकडी चिमणी, वटवाघळं, खिडक्यांना मागून पिवळा-लाल टिश्यू पेपर, सगळं साग्रसंगीत. काचेवर चिकटवला, मागे तांब्याच्या तारेची ती बारीक दिव्यांची माळ असते ना ती टेपने लावली आणि सगळे मोठ्या हौसेने रस्त्यावर जाऊन बघतोय तर बंगला नाहीच. वीस टिंबं नुसती. नवरा म्हणाला रात्रीच्या विमानातून खाली जळगाव दिसतं तसं दिसतंय.

तर प्रश्न असे की दिवे कुठले, कागद कुठला, पोर्च उघडा आहे तिथे कागद टिकेल का, आणि धाकटा ४ वर्षांचा आहे, दिसेल ते तोंडात घालतो. आई डोंबिवलीहून आलीये डिसेंबरपर्यंत, म्हणजे हात भरपूर आहेत, अक्कल पुरवा.

चिकटपट्टी | ५ ऑक्टोबर

दिवा कागदाला चिकटवलात तिथेच घोळ झाला. उजेडाला पसरायला जागा लागते. ढोबळ हिशोब असा की माळेतल्या दोन दिव्यांमध्ये जेवढं अंतर असेल निदान तेवढंच दिवा आणि कागद यांच्यात ठेवायचं. दिवे चार-चार इंचांवर असतील तर चित्र चार इंच पुढे. आणि मध्ये एक पांढरा पडदा हवाच. ट्रेसिंग पेपर, बटर पेपर, बेकिंगचा पार्चमेंट, काहीच नसेल तर प्रिंटरचा साधा ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम) कागदही चालतो, फक्त तो उजेड जास्त खातो.

खिडकीसाठी तर माळ नकोच. काळं कातरकाम, त्याच्या पाठीला ट्रेसिंग पेपर, आणि खोलीत दोन-तीन फूट मागे टेबललॅम्प, तोही खिडकीकडे नाही तर समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून. भिंतीवरून परत येतो तो उजेड सगळ्यात मऊ. भिंत रंगीत असेल तर पांढरी चादर टांगा.

अजून एक, तुमच्या एलईडी वॉर्म व्हाइट (पिवळसर) असतील तर त्यात निळा उजेड मुळात कमी असतो, त्यामुळे मागे निळा किंवा जांभळा टिश्यू लावलात तर रात्री नुसता चिखल दिसेल. पिवळा आणि नारिंगी उत्तम. लाल बराच उजेड गिळतो, एकच थर लावा. जांभळं हवंच असेल तर कूल व्हाइट दिवा घ्या.

टाकाऊतून_टिकाऊ | ६ ऑक्टोबर

अय्या मी दर वर्षी करते!! सगळ्यात सोप्पं सांगू का, टॉयलेट पेपरच्या आणि किचन टॉवेलच्या रिकाम्या नळ्या साठवायच्या (मैत्रिणींकडूनही मागायच्या, मी मागते, त्या आता मला बघूनच पिशवी काढतात), त्यावर दोन डोळे कापायचे, प्रत्येक नळीचे वेगळे, एक तिरके एक बटाट्यासारखे एक झोपाळू, नळी बाहेरून काळी रंगवायची आणि आत ग्लोस्टिक मोडून घालायची आणि दोन्ही टोकं टेपने बंद करून झुडपात खुपसायच्या, बस. अंधारात झुडपातून पंधरा जोड्या डोळे बघतात. वीज नाही वायर नाही काही नाही, ग्लोस्टिक आठेक तास सहज चालते. फक्त संध्याकाळी सहाच्या आधी मोडू नका, मोडल्या मोडल्या ती सगळ्यात छान चमकते आणि मग हळूहळू उतरत जाते. आणि पाऊस असेल तर झालंच, नळ्यांचा लगदा, एका वर्षी सकाळी झुडपाला नुसता कागदी शेवया लटकल्या होत्या.

शंकासूर | ६ ऑक्टोबर

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. हॅलोविननंतर आठच दिवसांवर आपली दिवाळी आणि इकडे भुतांचे बंगले कापणं चाललंय. आकाशकंदील विकतचा आणणार असाल ना? चालू द्या.

टाकाऊतून_टिकाऊ | ६ ऑक्टोबर

@शंकासूर, दिवे घ्या, म्हणजे लाइटली घ्या 😄 (या धाग्यावर तर भरपूर आहेत)

मडगावकार | ६ ऑक्टोबर

शंकासूर बाब, आमच्या गोव्यात ये. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर कागदाचा, गवताचा, बांबूचा नरकासुर उभा असतो, चांगला माडीएवढा, डोळ्यांत लाल बल्ब, रात्रभर गाणी वाजतात आणि पहाटे जाळतात. तो काय सोज्वळ दिसतो म्हणून करतो का आम्ही? २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. मी टोरोंटोत असतो, पहाटे अभ्यंगस्नान करून कारीट फोडायला काही नव्हतं म्हणून चेरी टोमॅटो फोडला आणि संध्याकाळी लेकाला व्हॅम्पायर करून दारोदार फिरवला.

कातरवेळ, नरकासुरावरून एक गोष्ट सांगतो. डोळ्यांचा बल्ब भोकाच्या तोंडाशी कधीच लावत नाहीत, हातभर आत असतो आणि भोकावर लाल जिलेटीन ताणून बसवतात. नाहीतर डोळा दिसत नाही, बल्ब दिसतो. तुझ्या बंगल्याचं तेच झालं.

उंबरठा | ६ ऑक्टोबर

मी डब्लिनहून. हॅलोविन मूळचा आमच्या इकडचा (म्हणजे मी ज्यांच्यात राहते त्यांचा), जुना सॅविनचा सण, सुगी संपून काळोखाचं अर्धं वर्ष सुरू होतं तो. इकडे भोपळे नव्हतेच, सलगम कोरायचे. पश्चिमेला मेयो परगण्यात लोकजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे डोनेगलकडच्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या सलगम कंदिलाचा प्लास्टरचा साचा ठेवलाय. तो बघून तुमच्या भोपळ्याचं हसू अगदी गोजिरवाणं वाटतं. सुकलेल्या म्हाताऱ्याचं मुंडकं, चार वाकडे दात. माझा मुलगा तिथून बाहेर येऊन गाडीत एक शब्द बोलला नाही. आयरिश लोक एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेले, तिथे त्यांना भोपळा सापडला, मोठा, मऊ, आतून पोखरायला सोपा. सलगम कोरून बघा एकदा, मनगट जातं.

कागदाचं मला फारसं माहीत नाही पण हिंमत देते, आमच्या शेजारच्या आजी अजूनही नुसती काळ्या कागदाची मांजर कापून खिडकीत लावतात, मागे खोलीतला पिवळा दिवा. काही नाही त्यात, पण रस्त्यातून जाताना मान वळतेच.

कातरवेळ | ७ ऑक्टोबर

चिकटपट्टी, मडगावकार, कोटी कोटी धन्यवाद. आज लॅम्प भिंतीकडे वळवला, ट्रेसिंग पेपर नव्हता म्हणून पार्चमेंट लावला आणि बंगला दिसला!! त्या रात्रीचाच बंगला, एक रेघ बदलली नाही. आई म्हणाली "मी तेव्हाच म्हणत होते दिवा मागे घे" (म्हणत नव्हती. तेव्हा "छान झालंय" म्हणाली होती.)

आता पोर्चचं सांगा. तिथे मला लटकणारं काहीतरी हवंय, सगळ्या बाजूंनी दिसणारं.

माहीमकर | ७ ऑक्टोबर

लटकणारं, सगळ्या बाजूंनी दिसणारं, कागदाचं, आत दिवा. ताई, तुमच्या घरात डोंबिवलीहून आलेली आई आहे आणि तुम्ही आम्हाला विचारताय? कंदील म्हणतात त्याला 😂

माझं सगळं लहानपण माहीमच्या कंदील गल्लीच्या आसपास गेलं, दिवाळीआधी महिनाभर फूटपाथवर कामट्या, ताव आणि खळीचा वास. तिथली एक गोष्ट डोक्यात बसलीय, बल्ब बरोबर मधोमध. एका अंगाला कलला की त्या अंगाला पांढरा ठिपका पडतो आणि बाकीचा कंदील मेलेला. म्हणून होल्डर आधी टांगायचा, मग त्याच्याभोवती कंदील.

भोपळ्यासाठी असं करा. सहा किंवा आठ पाकळ्या, बास्केटबॉलच्या शिवणीसारख्या, नारिंगी पतंगी कागदाच्या. तिकडे पतंगी मिळत नसेल तर टिश्यू दुहेरी घ्या. कामट्यांच्या जागी कार्डस्टॉकच्या अर्ध्या इंची पट्ट्या वाकवून वर-खाली एका चकतीला चिकटवा. डोळे-तोंड काळ्या कागदाचं कापून बाहेरून लावू नका, आतून लावा! दिवसा साधा नारिंगी कंदील दिसतो, दिवा लागला की तोंड उमटतं. आणि खाली झिरमिळ्या लावल्यात तर मी तुम्हाला सलाम करीन.

वायर मात्र भारतातली नेऊ नका. पिन वेगळी, व्होल्टेज वेगळं. तिकडे कंदिलासाठीच बल्बहोल्डरसकट तयार कॉर्ड मिळते ती घ्या, आणि बल्ब एलईडीच, साधा बल्ब तापतो आणि टिश्यूला तो ताप सोसत नाही. पोर्चवर लावायची तर कॉर्ड बाहेर वापरायची आहे का ते खोक्यावर वाचून घ्या.

बोस्टनकर_बंडू | ८ ऑक्टोबर

मजा बघा, ज्याला आपण क्रेप पेपर म्हणतो आणि शाळेच्या गॅदरिंगला वापरतो त्याचा आणि अमेरिकेतल्या हॅलोविनचा जुना संबंध आहे. माझं ऑफिस फ्रेमिंगहॅमला, तिथे डेनिसन नावाची मोठी कागद कंपनी होती. त्यांनी १९०९ मध्ये हॅलोविनच्या सजावटीचं एक पुस्तक काढलं, बोगी बुक, मग काही वर्षांनी जवळजवळ दर वर्षीच काढू लागले. कल्पना फुकट नाही हो, पान उलटलं की आमचा क्रेप पेपर घ्या, आमच्या कापलेल्या मांजरी घ्या. पण त्यातून घरोघर कागदी सजावट गेली. ती जुनी पुस्तकं आता जपून ठेवणारे संग्राहक आहेत, किंमती विचारू नका.

त्याच जमान्यात कागदाच्या लगद्याचे भोपळा-कंदील मिळायचे, आत मेणबत्ती ठेवायची. त्यांच्या डोळ्यांना आणि तोंडाला भोक तसंच सोडायचे नाहीत, आतून पातळ कागदावर छापलेले डोळे चिकटवलेले असायचे. म्हणजे उघडी ज्योत दिसू नये, नुसता डोळा पेटलेला दिसावा. मडगावकरांचा नरकासुर आणि हे, एकच अक्कल. अर्थात कागदाच्या आत मेणबत्ती, किती पेटले असतील त्यातले कोण जाणे. तुम्ही ते करू नका.

औषधपाणी | ८ ऑक्टोबर

मेणबत्तीचं निघालंच आहे तर ४ वर्षांच्या मुलाचं बोलते, मी अर्जंट केअरमध्ये असते. मेणबत्ती कोणी लावत नाही आता, सगळे बॅटरीवाल्या पणत्या आणतात आणि निर्धास्त होतात. त्या पणतीच्या बुडाला नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर२०३२. मूल तो गिळतं आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. बॅटरी संपलेली वाटली तरी. इथे २०२२ मध्ये त्यावर कायदा झाला, रीसचा कायदा म्हणतात, झाकण स्क्रूने बंद असायला हवं किंवा सहज हाताने उघडणारं नसावं. पण डब्यात पडलेल्या जुन्या पणत्या त्या कायद्याच्या आधीच्या असतात, त्यांचं झाकण नखाने उघडतं.

जुन्या पणत्या फेकून द्या, किंवा एए सेलवाली माळ घ्या. आणि कधी संशय आला की गिळलंय तर वाट बघायची नाही, उलटी काढायची नाही, सरळ इमर्जन्सी.

एवढंच, धागा गोड आहे, चालू दे.

कातरवेळ | ८ ऑक्टोबर

बाई गं. आत्ता उठून ड्रॉवर उपसला, सात पणत्या निघाल्या, सातही नखाने उघडल्या. वरच्या कपाटात गेल्या, उद्या बाहेर. खरंच थँक्यू.

वाळवी | १० ऑक्टोबर

कागद खाणाऱ्यांच्या वतीने दोन शब्द. नावावरून कळलं असेल, गेली सहा वर्षं फक्त कागद कापते.

कार्डस्टॉक ६५ पौंडाचा म्हणजे साधारण १७६ जीएसएम घ्या, हाताने कापायला बरा. ११० पौंडाचा ‘इंडेक्स’ जातीचा कागद बघून जाड असेल म्हणून घेऊ नका, इथल्या पौंडांचा हिशोब कागदाच्या जातीप्रमाणे बदलतो, तो निघतो १९९, म्हणजे फार काही जाड नाही. जीएसएम बघायचं, पौंड विसरायचे. काळा कागद घेताना फाडून बघा, काहींचा गाभा पांढरा असतो आणि कापलेल्या प्रत्येक कडेला पांढरी रेघ दिसते.

आतले बारीक कट आधी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, नाहीतर कागद हातात लुळा पडतो. वळणावर सुरी नाही फिरवायची, कागद फिरवायचा. पातं बदला! दोन तासांचा बंगला असेल तर दोन पाती तरी. आणि पूल सोडायला शिका. डोळ्याच्या भोकात बुबुळ हवं असेल तर ते कशाला तरी धरून राहायला हवं ना, नाहीतर कापल्या कापल्या बुबुळ जमिनीवर. माझ्या पहिल्या भोपळ्याची दोन्ही बुबुळं व्हॅक्युम क्लीनरमध्ये गेली.

आता खरी गंमत. सगळं पांढऱ्या कागदाचं करा. हो, पांढऱ्या. खोल फ्रेम घ्यायची, शॅडोबॉक्स मिळतो तो, पाच-सहा थर, दोन थरांमध्ये फोमच्या टेपचे तुकडे, सगळ्यात मागे दिवा. मागच्या थरातून उजेड एकाच कागदातून येतो, पुढच्या थरापर्यंत पाच कागद ओलांडून. म्हणून पुढचं झाड आपोआप काळपट, मागचं आभाळ उजळ, रंग एकही न लावता. धुकं पडल्यासारखं. हरी अँड दीप्ती म्हणून आपलंच भारतीय जोडपं डेन्व्हरला राहून असे कागदी दिव्यांचे डबे करायचं, त्यांची कामं बघा आणि मग दोन दिवस निराश राहा, मी राहिले होते.

कटिंग मशीन असेल तर काम लवकर होतं पण थर डोक्यातच उभे करावे लागतात, ते मशीन करत नाही.

शंकासूर | १० ऑक्टोबर

पांढऱ्या कागदाची आयडिया बरी आहे. (कंदिलाला वापरता येईल.)

टाकाऊतून_टिकाऊ | १० ऑक्टोबर

शंकासूर आले लायनीवर 😂😂

कातरवेळ | १२ ऑक्टोबर

अपडेट. आईला माहीमकरांची पोस्ट वाचून दाखवली, मग काय, "खळ कर" म्हणाली. मैदा शिजवला. मग म्हणाली मोरचूद कुठाय. आई, इथे मोरचूद कुठून आणू आणि आणला तरी तो विषारी, पोरगा खळीचं बोट चाटतोय. "मग झुरळं खातील कंदील." आई, तीन आठवड्यांचा कंदील आहे. शेवटी ग्लूस्टिकवर तडजोड झाली, आणि खरं सांगू का ग्लूस्टिकच बरी पडली, खळीने टिश्यूला सुरकुत्या पडत होत्या.

पण कामट्यांच्या जागी पट्ट्या वाकवणं जे आईने केलंय ते मी नुसतं बघत बसले. मोजमाप नाही, फूटपट्टी नाही, मनगटाच्या अंदाजाने आठही पट्ट्या सारख्या. म्हणाली १९८२ पर्यंत घरीच करायचो, मग बाबांना ओव्हरटाइम लागला आणि विकतचा यायला लागला. हे मला माहीतच नव्हतं.

आणि आता कम्प्लेंट. भूतबंगला वाहून गेला. परवा रात्री गारठा पडला, सकाळी काचेला आतून घाम, त्यात लाल टिश्यू भिजला आणि पांढऱ्या चौकटीवर लाल ओघळ. खून झाल्यासारखं. लेक प्रचंड खूश, मी सकाळभर घासतेय. घर भाड्याचं आहे, डिपॉझिट डोळ्यापुढे आलं.

वाळवी | १२ ऑक्टोबर

टिश्यू घेताना रंग न सोडणारा आहे का ते पाकिटावर बघायचं, लिहिलेलं असतं. नाहीतर आधी ओल्या बोटाने चोळून बघा, बोट रंगलं की खिडकीला लावायचा नाही. खिडकीसाठी जिलेटीनच चांगलं, त्याला पाण्याचं काही नाही. आणि चित्र काचेला घट्ट चिकटवूच नका, कोपऱ्यांना फोमचा तुकडा लावून जरा पुढे ठेवा, घाम खाली निघून जातो.

चिकटपट्टी | १२ ऑक्टोबर

+१. पोर्चच्या कंदिलाला रुंद पारदर्शक पॅकिंग टेप बाहेरून लावून घ्या, पाकळ्या जोडायच्या आधी, सपाट असतानाच. खरा पाऊस झेपणार नाही पण दवाला पुरतो.

तळ्यात_मळ्यात | १३ ऑक्टोबर

एक विनंती करू का. माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, दर वर्षी अर्धी कँडी घरी आल्यावर काढून घ्यावी लागते. इथे २०१४ पासून एक पद्धत आहे, दारात मोरपंखी रंगाचा भोपळा दिसला की त्या घरी खाऊऐवजी पेन्सिली, स्टिकर असं काहीतरी मिळतं. तुमचा दुसरा छोटा कंदील मोरपंखी करता आला तर बघा. तसा दिवा लांबून दिसला की माझा मुलगा धावतच सुटतो.

कातरवेळ | १३ ऑक्टोबर

अगं नक्की. हे मला ठाऊक नव्हतं. चिकटपट्टी, मोरपंखीला कूल व्हाइट ना?

चिकटपट्टी | १३ ऑक्टोबर

हो. वॉर्म लावलात तर शेवाळ दिसेल.

मडगावकार | १४ ऑक्टोबर

खिडकी रिकामी झालीच आहे तर आपली भुतं लावा की. हडळ करा. पावलं उलटी. सावलीत कापली की कोणाला कळणारही नाही, सगळे म्हणतील व्हॉट अ नाइस लेडी.

उंबरठा | १४ ऑक्टोबर

😂😂 मुंजा पण. पिंपळाच्या फांदीवर पाय हलवत बसलेला.

माहीमकर | १४ ऑक्टोबर

भोपळ्याचंच घ्या ना. चल रे भोपळ्या टुणूक टुणूक! म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत निघालीय, वाटेत वाघ. अख्ख्या हॅलोविनमध्ये याच्याहून जुळणारं चित्र दाखवा.

आणि तेही कंदिलाच्या युक्तीने. पांढऱ्या कागदावर नारिंगी टिश्यूचा नुसता गोल भोपळा. त्याच्या पाठीमागे काळ्या कागदाची म्हातारी, बसलेली, काठी घेतलेली. तिच्या पाठीमागे परत एक पांढरा कागद, म्हणजे दिवसा खोलीतूनही दिसू नये आणि बाहेरूनही. दिवसा खिडकीत भोपळा. दिवा लावला की आत म्हातारी.

वाळवी | १४ ऑक्टोबर

माहीमकर, हे भारी आहे. एक दुरुस्ती, म्हातारी पुढच्या कागदाला अगदी चिकटून हवी, बोटभर मागे गेली तरी कड धुरकट होते. दिवा लांब, सावली जवळ. वाघ दूर उभा असल्यासारखा दाखवायचा असेल तर मुद्दाम अर्धा इंच मागे लावा, अंधुक येईल, छान दिसेल.

शंकासूर | १५ ऑक्टोबर

वाघाचे पट्टे कापताना पूल सोडा. एवढंच सांगायला आलो.

कातरवेळ | १ नोव्हेंबर

मंडळी, काल झालं. आज पहाटे घड्याळं मागे गेली म्हणून एक तास जास्त झोपून आता लिहितेय.

भोंडला, परीक्षा, सगळ्यांची सर्दी यात म्हातारी तीनदा कापली. पहिली हडळीसारखी झाली (मडगावकार, तुमची कृपा), दुसरीची काठी तुटली, तिसरी आईने कापली, मला हातच लावू दिला नाही. नऊवारीचा काष्टा दिसतोय सावलीत! वाघ लेकीने कापला, पट्टे तीनच आहेत, पूल सोडायचे म्हटल्यावर तिला तेवढेच जमले, तो थोडा म्हशीसारखा दिसतो पण अंधुक मागे लावल्यामुळे खपून गेला.

काल शनिवार, त्यामुळे गर्दी भरपूर. सहाच्या आत सूर्य बुडाला, मोठा कंदील पोर्चवर, झिरमिळ्यांसकट (माहीमकर, सलाम राहिला तुमचा), शेजारी छोटा मोरपंखी. झुडपात नऊ नळ्या, दहावी कुत्र्याने नेली. खिडकीत नुसता भोपळा, दिवा बंद.

ठरलं असं होतं की मुलं पायऱ्या चढली की आतून लेक लॅम्प लावणार. पहिल्या दोन घोळक्यांना तिने इतका उशिरा लावला की ती पाठ फिरवून निघाली होती. मग जमलं. एक स्पायडरमॅन होता, पाचेक वर्षांचा, त्याने भोपळ्यात बाई बघून आईचा हात धरला आणि विचारलं ती आत का अडकलीय. आमचा धाकटा दारात उभा, डायनासोरच्या वेषात, त्याने इंग्रजीत समजावलं की ती अडकली नाहीये, ती लेकीकडे गेली होती, खूप तूप खाऊन जाडी झालीये आणि आता टायगर तिला खाणार आहे म्हणून लपलीये. "डू यू वाँट टू सी द टायगर?" स्पायडरमॅन नाही म्हणाला.

मोरपंखी कंदिलाकडे दोन मुलं आली. एकाने पेन्सिल घेतली आणि त्याच्या आईने मागे वळून परत एकदा थँक्यू म्हटलं, नुसतं तेवढंच.

कंदील पाकळ्या सोडवून सपाट करायचा होता, आई म्हणतेय कशाला, आतलं तोंड तेवढं काढ, आठ दिवसांनी लागणारच आहे. तोंड ग्लूस्टिकने चिकटवलंय, टिश्यू न फाटता कसं काढू?

वाळवी | १ नोव्हेंबर

हेअर ड्रायर, कमी गरम, लांबून. गोंद मऊ पडला की एका टोकाने हळूच. फाटलाच तर त्या पाकळीवर सोनेरी कागदाची चांदणी लावा.

शंकासूर | १ नोव्हेंबर

फोटो टाका. वाघाचा पण.

कातरवेळ | २ नोव्हेंबर

एक पाकळी फाटली. चांदणी कापतेय.